आजाऱ्याच्या घरी डबा नेताना: आधी काय विचारायचं, काय रांधायचं आणि कसं पोचवायचं

आईची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पहिल्या चार दिवसांत आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी सतरा डबे आले. फ्रीजमध्ये बोट शिरायला जागा नव्हती. पाचव्या दिवशी त्यातलं निम्मं जेवण मी माडाच्या मुळाशी ओतलं. ओतताना जीव तुटत होता, कारण त्यातला प्रत्येक घास कुणीतरी मनापासून रांधला होता. पुढे वहिनीची रजा संपली, मी एकटी पडले आणि तेव्हा मात्र एकही डबा आला नाही.

रांधायला आपल्याकडे सगळ्यांनाच येतं. चुकतं ते आधीच्या फोनमध्ये, वेळेत, भांड्यांच्या निवडीत आणि दारातल्या बोलण्यात. म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासा: या डब्यानं त्या घरातलं एक काम कमी होतंय की वाढतंय?

टप्पा १: आधी फोन, मग चूल

न विचारता डबा नेऊ नका. फोन आजाऱ्याला करायचा नाही, त्याच्या उशाशी बसलेल्या माणसालाही नाही. घरात स्वयंपाकाचं बघणारं जे कोण असेल, सून, बहीण, शेजारची काकी, तिला करा. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची बरी. तोवर डॉक्टरांची फेरी, अंघोळी, औषधं उरकलेली असतात.

“काही लागलं तर सांगा हां” एवढं म्हणून फोन ठेवू नका. कुणीही सांगत नाही. आमच्याकडे वीस जणांनी असं म्हटलं आणि मी एकालाही काही सांगितलं नाही, सांगायला तोंडच उघडेना. ठरलेला दिवस आणि ठरलेलं जेवण पुढे करायचं, म्हणजे समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणावं लागतं:

“वहिनी, बुधवारी दुपारचा डबा मी आणते. साडेबाराला पोचेन. मामांसाठी पेज आणि तुम्हां चौघांना भात, मुगागाठी (मोडाच्या मुगाची खोबरं घातलेली भाजी). चालेल ना? नको असेल तर मोकळेपणानं सांगा, मी दुसऱ्या दिवशी येईन.”

ते शेवटचं वाक्य गाळू नका. नकार देण्याची वाट आपणच करून द्यायची असते.

हो म्हटलं की याच फोनवर पाच गोष्टी विचारून घ्या आणि कागदावर लिहा:

१. जेवणारी माणसं किती? रात्री इस्पितळात थांबणारा धरून सांगा म्हणावं.
२. डॉक्टरांनी पथ्य काय दिलंय? “साधं जेवण” हे पथ्य नव्हे. मीठ, साखर, पाणी, तिखट, कच्चं, प्रत्येकाचं वेगळं विचारा.
३. त्या दिवशी घरात शिवराक (शाकाहारी जेवण) आहे का?
४. आजारी माणूस किती वाजता जेवतो?
५. त्या दिवशी आणखी कुणी डबा देणार आहे का?

पाचवा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो आणि सगळ्यांत जास्त अन्न त्यामुळेच वाया जातं.

टप्पा २: पथ्याची उलटतपासणी

आपल्याकडे आजारी माणूस म्हटला की पेज, शहाळं आणि पालेभाजी हे ठरलेलं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण काही आजारांत नेमकं हेच अडचणीचं ठरतं, म्हणून रांधण्याआधी एकदा पडताळा.

मूत्रपिंडाचा आजार किंवा डायलिसिस: अशा माणसांना पोटॅशियम आणि मीठ मोजून घ्यावं लागतं. शहाळ्याच्या पाण्यात, केळ्यात, बटाट्यात, पालेभाजीत पोटॅशियम भरपूर असतं. अनेकांना दिवसाचं पाणीही ठरवून दिलेलं असतं आणि पेज, सोलकढी, वरणाचं पाणी हे सगळं त्याच हिशेबात धरतात. प्रेमानं पाठवलेला पेजेचा मोठा तांब्या त्यांचं दिवसाचं गणित बिघडवतो.

मधुमेह: पेजेनं रक्तातली साखर झटकन चढू शकते. नुसती पेज न देता तिच्याबरोबर मूग किंवा भाजी द्या आणि पेजेचं प्रमाण घरच्यांना ठरवू द्या. मुगागाठीत गूळ घालत असाल तर त्यांच्या वाट्यात घालू नका.

रक्तदाब, हृदयविकार: चेपणीचं तोर (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या), मिस्कूट (कैरीचं लोणचं), पापड, सुकी सुंगटं (कोळंबी) ही पेजेची जिवलग मंडळी, पण सगळी मिठानं भरलेली. डब्यात टाकायचीच नाहीत. “थोडंसं चालतं” हे आपण ठरवायचं नसतं.

रक्त पातळ करणारी वॉरफरीनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका. तिच्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या कामात आडवं येतं. भाजी वर्ज्य नसते, रोजच्या प्रमाणात एकदम फरक पडता कामा नये एवढंच.

कर्करोगाचे उपचार, केमो: कच्चं काही नको. कोशिंबीर, चिरलेली फळं, कच्च्या खोबऱ्याची चटणी, भाजीवर शेवटी भुरभुरलेलं ओलं खोबरं, सगळं टाळा. जे द्याल ते नीट शिजलेलं आणि त्याच दिवशीचं असावं.

अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होत असेल तर पातळ पेज धोक्याची असते. पातळ पदार्थ घशातून श्वासनलिकेत उतरू शकतो. किती घट्ट चालतं ते घरच्यांना शिकवलेलं असतं. त्यांना विचारून तसंच करा.

सावध: पथ्याविषयी तुमचं आणि त्या घराचं मत वेगळं असेल तर त्या घराचं खरं. फोनवर वाद नको.

टप्पा ३: वार, उपास आणि मासळी

गोव्यात आजाऱ्याच्या घरी मासे न्यावेत का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर: पहिल्या डब्यात नको.

पहिलं कारण वाराचं. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा श्रावण, कुणी आजारपणात देवाला बोललेलं असतं. दहा वर्षांच्या शेजाऱ्याचेही सगळे वार आपल्याला ठाऊक नसतात.

दुसरं कारण बांगड्याचं. बांगडा, कुपा (ट्यूना) यांसारखी मासळी बर्फाबाहेर राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून, आंबट घालून नाहीसं होत नाही. अंगावर चट्टे येतात, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. धडधाकट माणूस त्यातून उठतो, आजाऱ्याला हा जाच कशाला? बाजारातून घरी आणि घरून त्यांच्याकडे, एवढ्या प्रवासात मासळी किती वेळ गरम हवेत राहिली हे मोजणं अवघड असतं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तर लांबून बर्फात आलेली मासळी जास्त, त्यामुळे आणखी जपा.

आजाऱ्यानंच “हुमण (माशाची आमटी) खावंसं वाटतंय” म्हटलं तर अवश्य करा. पण सकाळी घेतलेली ताजी मासळी, लगेच रांधलेली आणि गरम गरम पोचवलेली.

ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नेताना कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लक्षात ठेवा. त्या काळातल्या शुक्रवारी मांस नको. मुसलमान शेजाऱ्यांकडे कोंबडी-मटण आपल्या घरून नेऊच नका. डाळ, भाजी, पोई (गोव्याचा पाव) आनंदानं चालते. रमजानात घरातली धडधाकट माणसं दिवसा जेवत नाहीत, तेव्हा त्यांचा डबा सूर्यास्ताच्या वेळी पोचेल असा न्या आणि आजाऱ्याची वेळ वेगळी विचारून घ्या.

टप्पा ४: काय रांधायचं

आजारी माणूस दोन घास खातो. राबतात ती बाकीची चार माणसं, आणि डब्यात त्यांचाच विसर पडतो. त्यांना चवीचं, पोटभर जेवण हवं असतं. सात दिवस फिकी खिचडी खाऊन माझा भाऊ रात्री अकरा वाजता पावभाजीच्या गाड्यावर गेला होता.

म्हणून एकाच स्वयंपाकातून दोन डबे काढायचे: एक फिका, एक नेहमीचा. दोन वेगळे स्वयंपाक करायचे नाहीत, दमून जाल आणि पुढच्या आठवड्यात हात आखडाल. सूत्र सोपं आहे. आजाऱ्याचं आधी वेगळं काढा, मग तिखट-मसाला घाला.

मी नेहमी हेच नेते. आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेज, मऊ मूग, बिनतिखटाची तांबडी भाजी (लाल माठ). बाकीच्यांना उकडा भात, मुगागाठी आणि तीच भाजी, तिखट घालून. तीन पदार्थ पुरे. पाचवा-सहावा पदार्थ म्हणजे त्या घरात धुवायला आणखी दोन वाट्या.

रात्रीचा डबा असेल तर चपात्या लाटत बसू नका. संध्याकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोंप्याचा (भोंग्याचा) आवाज आला की दहा पोई घ्या. चपाती डब्यात घाम सुटून चिकट होते, पोई कोरडी आणि मऊ राहते, आणि उरली तर सकाळी चहाबरोबर संपते.

नेऊ नये असं: सोलकढी आणि नारळाच्या दुधाचे पदार्थ (उन्हात तासाभरात वास येऊ लागतो, सोलकढी गरम केली तर फाटते), तळलेले पदार्थ, क्रीमचा केक, आणि मोठ्या प्रमाणात गोड. गोडाचा डबा कुणी संपवत नाही आणि टाकतही नाही. तो फ्रीजमध्ये अडून बसतो.

टप्पा ५: आदल्या दोन दिवसांची तयारी

बुधवारच्या डब्यासाठी सोमवारी रात्री १ वाटी (साधारण २०० ग्रॅम) हिरवे मूग भिजत घाला. मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. मंगळवारी रात्रीपर्यंत बारीक मोड येतील. मोड लांब वाढू देऊ नका, बुंध्याशी गाठ दिसली की झालं. पावसात गाठोड्याला आंबूस वास येतो. तो आला तर मूग टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आलेले मूग रात्री फ्रीजमध्ये ठेवा.

मंगळवारी रात्री पेजेचे तांदूळ भिजवा: उकडे तांदूळ अर्धी वाटी, चार पाण्यांतून धुऊन. भाताचे २ वाट्या तांदूळ वेगळ्या भांड्यात भिजवा.

डबेही रात्रीच काढा. झाकण घट्ट बसतं का, रबर आहे का, वास येतो का ते बघा. लोणच्याच्या डब्यात पेज नेली तर पेजेला लोणच्याचाच वास येणार.

खोबरं मात्र आदल्या रात्री खवून ठेवू नका. आपल्या हवेत ओलं खोबरं किती लवकर उतरतं ते वेगळं सांगायला नको. खवणं आणि वाटणं त्याच सकाळी.

टप्पा ६: सकाळचा क्रम

साडेबाराला पोचायचं आहे असं धरून.

साडेआठ: पेज. भिजलेले तांदूळ उपसून ४ वाट्या पाण्यात चढवा. उघड्या भांड्यात मंद आचेवर तासभर, अधूनमधून ढवळत. कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्या आणि मग दहा मिनिटं बारीक आच. कण बोटांत सहज चिरडला पाहिजे. झाली की झाकून गरमच ठेवा. मीठ घालू नका, ते वेगळ्या पुडीत द्यायचं. पेज थंड होताना घट्ट होते, म्हणून इथे हवी त्याहून पातळ ठेवा. चावायची ताकद नसेल आणि पातळ गिळायला हरकत नसेल तर वरचं निवळ वेगळं काढून द्या.

नऊ: मूग सोलणं. मोड आलेले मूग कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, तळव्यांत हलके चोळा. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाका. असं चार-पाच वेळा. सगळी सालं निघाली नाहीत तर जीव टाकू नका, थोडी राहिली तरी चालतात. या कामाला वीस मिनिटं धरा, घाईत लोक इथेच अडकतात.

साडेनऊ: मूग शिजवणं. मूग बुडतील एवढं पाणी, पाव चमचा हळद, मध्यम आच, दहा-बारा मिनिटं. कुकर नको, एका शिट्टीत त्यांचा लगदा होतो. दाणा शिजला पण आकार धरून आहे, इथे थांबा.

इथे थांबा आणि काढा: एक मोठी वाटी मूग आजाऱ्यासाठी दुसऱ्या पातेल्यात घ्या. थोडं पाणी घालून आणखी पाच मिनिटं शिजवा, पळीनं घोटा. चालत असेल तर अर्धा चमचा तुपात जिरं तडतडवून घाला. झाला आजाऱ्याचा पदार्थ.

दहा: वाटण. १ वाटी ओलं खोबरं, १ चमचा धणे, ४ सुक्या मिरच्या, ४-५ मिरी, २ लवंगा. मसाले कोरडे भाजून घ्या, खोबरं तसंच. थोडं पाणी घालून बारीक वाटा. मिरच्या तुमच्या नेहमीच्या हिशेबापेक्षा एक कमी घाला. त्या घरातली माणसं जागरणं करत असतात, पोट नाजूक झालेलं असतं.

सव्वादहा: मुगागाठी. मोठ्या पातेल्यातल्या मुगात वाटण, मीठ, सुपारीएवढा गूळ घाला. वाटण घातल्यावर खळखळून उकळी आलीच पाहिजे, नुसतं गरम करून उतरवू नका. उकळी नीट न आलेलं खोबऱ्याचं वाटण दुपारपर्यंत टिकत नाही. शेवटी खोबरेल तेलात मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी.

पावणेअकरा: तांबडी भाजी. दोन जुड्या. आधी तीन पाण्यांतून धुवा, मग चिरा. पावसात चौथं पाणीही लागतं, मातीचा एक कण दाताखाली आला तरी पानातलं जेवण राहतं. तेलावर एक कांदा परता, भाजी घाला, झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं शिजवा. आजाऱ्याची वाटी काढून घ्या. मग उरलेल्या भाजीत दोन हिरव्या मिरच्या, मीठ, मूठभर खोबरं घालून दोन वाफा आणा. मिरची आधी तेलात टाकायची आपली सवय असते. ती त्या दिवशी आवरा.

अकरा: भात. उकड्या भाताला चाळीस मिनिटं लागतात. भात शेवटी ठेवण्याचं कारण आहे. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात कोमट अवस्थेत तास न् तास राहिला की त्यांचं विष तयार होतं आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळी सातला भात करून बाराला नेणं म्हणून चुकीचं.

तपासा: पावणेबाराला सगळं एकदा चाखा. पेज आणि सगळ्या भाज्या पुन्हा वाफाळत्या गरम करा. कोमट काही डब्यात जाऊ नये.

टप्पा ७: डबे भरणं

नियम एकच: गरम ते गरम जावं, थंड ते थंड. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या उबेत जिवाणू झपाट्यानं वाढतात. शिजलेलं अन्न त्या उबेत दोन तासांहून जास्त नको, आणि एप्रिल-मेच्या काहिलीत एक तासाहून जास्त नको.

स्टीलच्या डब्यात आधी उकळतं पाणी ओता, पाच मिनिटांनी ओतून टाका, मग लगेच गरम जेवण भरा. डबा सुती टॉवेलात गुंडाळा. अर्ध्या तासाच्या वाटेला एवढं पुरतं. वाट तासाहून लांब असेल तर उष्णता धरणारा कॅसरोल किंवा थर्मास घ्या.

श्रीखंडाच्या, आइस्क्रीमच्या प्लॅस्टिक डब्यांत गरम जेवण भरू नका. ते डबे त्यासाठी नसतात, झाकण उडतं आणि स्कूटरच्या डिकीत मुगागाठी सांडते. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात नको.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. आजारपण चाललेल्या घरात ही रीत ओझं होते. आमच्या ओट्यावर घासलेल्या सतरा डब्यांची रांग होती आणि प्रत्येकात काय घालून पाठवायचं या विचारानं मला रात्री झोप येत नव्हती. म्हणून डबा देतानाच, स्पष्ट शब्दांत: “काकी, डबा मीच न्यायला येईन. घासू नका, नुसता विसळून सोप्यावर (ओसरीवर) ठेवा. आणि आत काही घालायचं नाही, आमच्या घरची शपथ समजा.” डब्याच्या तळाला टेपवर तुमचं नाव लिहून चिकटवा. कोणाचा डबा कोणता हे शोधण्याचं काम त्यांना नको.

टप्पा ८: चिठ्ठी

बोललेलं त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही. पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. माझी अशी असते:

“छोटा डबा मामांचा: पेज, मूग, भाजी. मीठ नाही, पुडी वेगळी आहे. मुगात तूप आहे. मोठा डबा तुमचा: मुगागाठीत खोबरं, गूळ, हिंग. आज बाराला केलंय. उरलं तर दोनच्या आत फ्रीजमध्ये, रात्री वाफ येईपर्यंत गरम करून खा. उद्यापर्यंत ठेवू नका, टाकलंत तरी मला वाईट वाटणार नाही.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते. टाकायची परवानगी मिळाली की माणसं शिळं खात नाहीत.

टप्पा ९: दारातली दहा मिनिटं

निघताना एक मेसेज: “निघाले, वीस मिनिटांत पोचते.” दुपारी दीड ते चार कुणाच्या घरी जाऊ नका. आपल्याकडे ती पडायची वेळ, आणि आजारपणात तर तेवढीच झोप मिळते. बेल वाजवण्याआधी फोनची एक रिंग द्या, आजारी माणसाचा डोळा लागलेला असू शकतो.

सोप्यावर, बल्कांवात (दारापुढच्या बैठकीत), जिथे असाल तिथे उभ्यानं द्या. आत बोलावलं तर दहा मिनिटं. बसण्याआधीच सांगा, “चहा टाकू नका, मी पिऊन आले.” बसल्यावर सांगितलं तर तोवर आधण ठेवलेलं असतं. फारच आग्रह झाला तर पाणी प्या.

बोलायचं काय? थोडं. “आज कसं वाटतंय?” एवढं पुरे. रिपोर्टात काय आलं, खर्च किती, कोणता डॉक्टर, हे तुम्ही काढू नका. त्यांनी सांगितलं तर ऐका. “आमच्या आत्याला पण असंच झालं होतं” ही गोष्ट, शेवट चांगला असला तरी, दारात सांगू नका. औषध सुचवू नका. डब्याचा फोटो स्टेटसला टाकू नका, त्या घरातलं आजारपण चारचौघांत मांडायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

उशाशी बसलेल्या माणसाला मात्र विसरू नका. “तुम्ही जेवलात का?” हा प्रश्न आमच्याकडे एकाच बाईनं मला विचारला. मला तिथेच रडू आलं. ती जाईपर्यंत मी पेजेचा डबा हातात धरून उभी होते.

टप्पा १०: इस्पितळात डबा नेताना

वॉर्डातल्या रुग्णाचं खाणं डॉक्टर ठरवतात. कधी तपासणीसाठी उपाशी ठेवलेलं असतं, कधी फक्त पातळ चालू असतं. परिचारिकेला विचारल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात काही घालू नका. डबा सोबतच्या माणसासाठी न्या. पेडणे, सत्तरी, काणकोणहून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आलेली माणसं दिवसच्या दिवस कँटीनच्या चहा-भज्यावर काढतात, त्यांना घरचं जेवण हवं असतं.

तिथे ओटा नाही, गॅस नाही, बसायला नीट जागा नाही. म्हणून रस्सा नको. पोई, सुकी भाजी, परतलेलं कडधान्य, एक केळं. चमचा, हात पुसायला ओलं फडकं, पिण्याच्या पाण्याची बाटली. काच नको. एका बसणीत संपेल एवढंच. भेटीच्या वेळा आधी विचारा, आणि आत सोडत नसतील तर रखवालदाराशी हुज्जत न घालता सोबतच्या माणसाला खाली बोलवा.

टप्पा ११: सुतकाच्या घरी

इथे नियम घराघरांत बदलतात. काही घरांत पहिल्या दिवशी चूल पेटत नाही, काही ठिकाणी फोडणी चालत नाही, काही ठिकाणी ठरावीक नातलगांकडूनच जेवण येतं. त्या घराच्या जवळच्या वडीलधाऱ्या बाईला विचारा आणि ती सांगेल तेच करा. गोड नको, पापड-लोणचं नको. भात, बिनफोडणीचं वरण, एक साधी भाजी, आणि भरपूर पिण्याचं पाणी, कारण भेटायला माणसं येत राहतात. कागदी पेले बरोबर न्या, पेले धुणारा हात त्या दिवशी कुणाचाच मोकळा नसतो. निघताना “येतो” म्हणत नाहीत, हात जोडून निघायचं.

टप्पा १२: पाळ्या लावणं

एकानं पुढाकार घ्या. वाड्यावरच्या, ऑफिसातल्या, देवळातल्या सहा-सात जणांचा व्हॉट्सॲप गट करा. त्या घरातल्या कुणालाही गटात घेऊ नका, नाहीतर प्रत्येक मेसेजला आभार मानत बसतील. एका दिवशी एकच डबा. पथ्याचा कागद गटात वर टाका. सलग दोन दिवस तोच पदार्थ आला तर बदला.

पहिला आठवडा सगळ्यांना हवा असतो. तुम्ही तिसरा घ्या. नातेवाईक परत गेलेले असतात, रजा संपलेल्या असतात, फोन थांबलेले असतात आणि आजारी माणूस अजून अंथरुणावरच असतो.

डबा आणायला गेलात की “आवडलं का?” विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. “मीठ कमी करू? तिखट वाढवू? काय उरलं?” असं विचारा. उत्तर खरं मिळेल आणि पुढचा डबा सुधारेल.

घरच्यांनी स्वतः रांधायला सुरुवात केली की रोजचा डबा आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असा कमी करा. एकदम बंद करू नका. कधीतरी डबा उचलताना जड लागेल. आत चार केळी असतील, किंवा खोबऱ्याच्या दोन वड्या. शपथ घातली होती याची आठवण तेव्हा करून द्यायची नाही. घ्यायच्या, आणि तिथेच एक तोंडात टाकायची.